पुसलेला सांधा

तांब्याची नळी हातात आली की आधी तिच्यात फुंकायचं, मग ती डोळ्याला लावून पलीकडचा उजेड बघायचा आणि मगच कापायला घ्यायची, ही त्यांची शिकाऊ असल्यापासूनची सवय. फुंकायचे तेही अगदी मनापासून, गाल फुगवून, डोळे मिटून. त्यावरून कुणीतरी कधीतरी ‘फुंकणी’ म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की दारावरच्या पाटीवरचं खरं नाव वाचून माणसं चुकलो म्हणत पुढच्या घरी जायची. पुढे केस पिकले तसं नावाला ‘काका’ जोडलं गेलं. मान वाढला तो एवढाच.

नव्या घरात नळ टाकणं हे फुंकणीकाकांना कधी काम वाटलंच नाही. भिंती उघड्या, मापं ठरलेली, उजेड भरपूर. त्यांचं सगळं आयुष्य गेलं जुन्या घरांत. जुन्या घराच्या भिंतीत आधीच्या माणसांनी काय काय करून ठेवलंय हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडल्यावर कळलं की वाटतं, नसतं कळलं तर बरं झालं असतं. नळीवर रंगाचे इतके थर की ती नळी आहे की कठड्याचा गज, ओळखू येऊ नये. कुठे सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याभोवती हिरवा डाग. जुनी नळी नव्या मापाहून केसभर जाड, त्यामुळे नवा तुकडा तिच्यावर बसत नाही, आणि जोर करून बसवावा तर जुनी चिरते. एका सांध्याला आच दिली की शेजारचा जुना सांधा तापून गळायला लागतो. म्हणजे एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो. आणि सगळ्यांत मोठा वैताग म्हणजे पाण्याचा. मेन कॉक कितीही घट्ट बंद करा, जुना कॉक थेंब थेंब सोडत राहतो, आणि नळीत थेंबभर पाणी असलं तरी सांधा तापत नाही. मग पावाचा मऊ गाभा काढायचा, त्याची गोळी करून नळीत सारायची, तो पाणी पिऊन बसतो तेवढ्यात सांधा जोडून घ्यायचा. नंतर नळ सोडला की पाव विरघळून बाहेर. कडेचा कडक भाग चुकून गेला तर मात्र तो नळात अडकतो, आणि घरची बाई आठवडाभर पाण्यातून पावाचे कण काढत बसते.

सांधा जोडायचा म्हणजे काय, तर नळीचं टोक पॉलिशपेपरने लख्ख घासायचं, त्याला पिवळसर पेस्ट लावायची, जोडतुकडा घट्ट बसवायचा, बत्तीची ज्योत धरायची आणि तांबं पुरेसं तापलं की कथलाची तार टेकवायची. कथील वितळून आपणहून आत ओढलं जातं आणि सांध्याभोवती चंदेरी कडं उमटतं. ह्याला डाख देणं म्हणतात. डाख दिला की जळलेल्या पेस्टची काळी-हिरवी राख कडेला चिकटून राहते. तिच्याने लगेच काही बिघडत नाही, म्हणून पुष्कळ कारागीर ती तशीच सोडतात.

फुंकणीकाकाही सोडायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकदा ते डबा घरी विसरले आणि काकू तो घेऊन कामावर आल्या. डबा ठेवला, भिंतीतल्या सांध्याकडे जरा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, हे असंच ठेवणार?”

काकांनी विचारलं, का, काय झालं.

“नाक न पुसलेल्या पोरासारखं दिसतंय.”

आणि बादलीतलं फडकं पिळून त्यांनी तो सांधा पुसला. मग शेजारचा पुसला. मग म्हणाल्या, बाकीचे कुठे आहेत. त्या दिवसापासून त्या कामावर येऊ लागल्या. आधी लोकांनी नाकं मुरडली. नळवाला बायकोला घेऊन फिरतो, म्हणजे घरी भांडतात तेवढं पुरत नसेल, असं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गवंड्याने चारचौघांत म्हणून घेतलं. मग हळूहळू बायकाच विचारू लागल्या, काकू येणार असतील तर उद्या या, नाहीतर परवा या. मुलगी झाली तेव्हा काही महिने काकू घरी राहिल्या, तेवढाच खंड.

दोघांची कामाची रीत ठरून गेली होती. काका डाख द्यायचे आणि पुढच्या सांध्याकडे वळायचे नाहीत. काकू फडक्याने गरम सांधा गोल पुसायच्या, चर्र आवाज यायचा, बोट फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, “पुसला.” की काकांचं पाऊल पुढे. नाटकात समोरच्याचं शेवटचं वाक्य कानावर पडलं की आपले पाय आपोआप हलतात, तसं. मागे वळून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही. पुसला म्हणजे झाला.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजार लांबला नाही, त्यांना फार सोसावं लागलं नाही, असं सगळे म्हणाले. सगळे रडले. फुंकणीकाकांनी खुर्च्या मांडल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं, मग खुर्च्या उचलून ठेवल्या. मुलगी काही दिवस राहिली, आणि तिचं घर दुसऱ्या गावाला असल्यामुळे तिला परत जावं लागलं. जाताना म्हणाली, बाबा, कुलूप लावा आणि चला माझ्याकडे. काका म्हणाले, काम चालू आहे ना माझं, मग झालं. त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथे मिटला. काम चालू होतं म्हणून घर चालू होतं, घर चालू होतं म्हणून ते सकाळी उठत होते. काम सुटलं असतं तर त्यांना कुठल्या खुर्चीवर बसायचं हेही सुचलं नसतं.

लोक म्हणत, काका खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि गाल बधिर होतो, तसं झालं होतं. गाल आपल्याच तोंडात असतो, पण चावला गेला तरी कळत नाही. जेवत होते, चव काय होती ते सांगता आलं नसतं. चहाचं भांडं गॅसवर ठेवून समोर उभे राहत, आणि पाणी पूर्ण आटून भांड्याचा वास सुटला की मग गॅस बंद करत. दाढी नेमाने करत. कुणी काही विनोद केला की हसत, तेही बरोबर जिथे हसायचं तिथेच.

काकूंचं फडकं हत्यारांच्या पिशवीच्या दांडीला बांधलेलं होतं, ते तसंच राहिलं. आता पुसायचं कामही काकाच करत. ते कुणी ठरवलं नाही. फडकं होतं, हात होता, सांधा पुसला जात होता.

त्या वसंतात शिवणबाईंचं काम आलं. अरुंद दोन मजली घर. खाली रस्त्याकडे खिडकी असलेलं शिवणाचं दुकान: दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, आणि मागच्या भिंतीलगत एका लोखंडी दांडीवर शिवून तयार झालेले लोकांचे कपडे ओळीने टांगलेले. वरच्या मजल्यावर शिवणबाईंचे म्हातारे वडील. त्यांना आता जिना उतरवत नव्हता, आणि न्हाणीघर खाली. म्हणून त्यांच्या खोलीला लागून असलेल्या अडगळीच्या कोनाड्यात न्हाणी करायची होती. खालून आलेली जुनी तांब्याची नळी वरच्या जमिनीतल्या लाकडी तुळयांमधून जात होती. तिला मध्ये कापून ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचा जोडतुकडा, बसवायचा, टीमधून फाटा काढायचा, वीतभर अंतरावर एल्बोने, म्हणजे काटकोनी जोडतुकड्याने, तो भिंतीत वर वळवायचा आणि डोक्यावर शॉवर. टी आणि एल्बो दोन्ही लाद्यांच्या मागे कायमचे गडप होणार. आणि त्यांच्या बरोबर खाली, मध्ये फक्त फळ्या सोडल्या तर, ती कपड्यांची दांडी.

आजोबांनी आपली खुर्ची दारात ओढून घेतली आणि पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकासारखे दिवसभर बसून राहिले. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचा त्यांना वीट आला होता. मला डोक्यावरून पाणी घ्यायचंय, बादलीतलं नाही, हे त्यांनी फुंकणीकाकांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते काकांनाच पाठ झालं. काका हं म्हणत, घासत, कापत राहिले. एकदा आजोबा एकदम म्हणाले, “अहो, बोट.” काकांनी बघितलं, तर डाव्या हाताचं बोट तापलेल्या नळीला टेकलेलं होतं. त्यांनी ते उचलून घेतलं, पाण्यात बुडवलं आणि परत कामाला लागले. दुखत नाही का, असं आजोबांनी विचारलं. काका म्हणाले, दुखत असेल.

मेन कॉक गळतच होता, पावाची गोळी लागलीच. जुनी नळी जाड निघाली, तिला घासून घासून नव्या तुकड्यात बसवावं लागलं. ज्योत लाकडाला लागू नये म्हणून ओलं पोतं लावलं. दुपार कलताना काम संपलं. पाणी सोडलं, दोन्ही सांधे बघितले, कोरडे ठणठणीत. नव्या घरात पंप लावून चौपट दाब देतात आणि सांधा पारखतात. इथे तसा दाब दिला तर जुन्या नळीनेच प्राण सोडला असता, म्हणून घरच्या पाण्याच्या दाबावरच भागवलं. गवंड्याला निरोप गेला की उद्या सकाळी ये आणि लाद्या लाव.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती रोज विचारायची, आज काय केलंत, आणि काका रोज म्हणायचे, काम केलं. त्या दिवशी तिने सोडलं नाही. कुठलं काम, कुणाकडे, नीट सांगा ना, म्हणाली. तिचा आवाज जरा ओढलेला होता. तिला बरं वाटावं म्हणून काका सांगू लागले. शिवणबाई, त्यांचे वडील, जाड नळी, पाव. एल्बो बसवला, तो पुसला, हे त्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं. फडकं गोल फिरत होतं. आणि टी?

टीला बत्ती लावल्याचं आठवेना. तार टेकवल्याचं आठवेना. त्या जागी काहीच नव्हतं, सपाट भिंत.

मुलगी हॅलो हॅलो करत राहिली. काका म्हणाले, आवाज तुटतोय, उद्या बोलू.

कोरडा सांधा, म्हणजे डाख द्यायचा राहून गेलेला, हा ह्या धंद्यातला जुना शत्रू आहे. नळी घट्ट बसलेली असेल आणि आत पेस्ट भरलेली असेल तर तो डाख न देताही पाणी धरून ठेवतो. दिवस, महिने, कधी वर्षसुद्धा. मग एके दिवशी कुणी नळ जरा जोरात बंद करतं, नळीला हिसका बसतो आणि सांधा अख्खा निसटून बाहेर येतो. गळत बिळत नाही, सरळ धबधबा. काकांनी अशी घरं पाहिली होती. छत खाली आलेलं, जमीन फुगलेली. आणि इथे शिवणबाई बरोबर खाली, मान खाली घालून विजेच्या मशिनवर बसलेल्या असणार. हे सगळं त्यांना माहीत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. ते नुसतं माहीत होतं, आणि त्याच्यापुढे ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

सकाळी ते पोचले तर गवंडी त्यांच्याही आधी आलेला. हा गवंडी त्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा जोडीदार. काका भिंत फोडणार आणि हा बुजवणार. तोंडाने फाटका, हाताने चोख. कोनाड्यात कमरेपर्यंत लाद्या लागल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे पोटच्या पोरांसारखा बघत उभा होता.

काका म्हणाले, खालची ओळ काढावी लागेल.

गवंड्याने आधी ऐकूच न आल्याचा आव आणला. मग त्याने विचारलं की रात्री काही घेतली होती का. मग म्हणाला, “फुंकणी, काल पाणी सोडलं होतंस ना? गळलं का? मग आता काय भिंतीची नाडी बघायचीय?”

काकांनी सांगितलं की टीला डाख दिल्याचं आठवत नाही.

“मला काल काय जेवलो ते आठवत नाही. म्हणून मी पोट फाडून बघतो का?”

तेवढ्यात दारातून साक्षीदार पुढे आला. आजोबा म्हणाले, मी सगळं पाहिलंय. जाळ लावला, तार टेकवली, पुसलं, दोन्हीकडे. एक क्षण नजर हलवली नाही. गवंडी म्हणाला, बघ, आता तर कोर्टातही टिकेल. आजोबांना बरं वाटलं, आणि प्रामाणिकपणा म्हणून त्यांनी पुढे जोडलं की जेवणानंतर जरा डोळा लागला असेल, पण तो काही झोपेत धरता येणार नाही.

आवाज ऐकून शिवणबाई वर आल्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, तुम्हाला नक्की काय वाटतंय?”

“वाटत काही नाही. आठवत नाही, एवढंच.”

बाईंनी लाद्यांकडे बघितलं. न्हाणी आज पुरी होईल असं वडिलांना त्या सांगून बसल्या होत्या. लाद्या छान दिसत होत्या. त्या म्हणाल्या, “फोडा. खाली टांगलेले कपडे माझे नाहीत.”

गवंड्याने छिन्नी घेतली. पहिल्या घावाला तो पुटपुटत होता, दुसऱ्याला गप्प झाला. राग आला की त्याचं काम जास्त नाजूक व्हायचं. दोन लाद्या निघाल्या, मागचं ओलं सिमेंट खरवडलं, आणि टी दिसला.

सांध्याभोवती चंदेरी कडं होतं. तिन्ही तोंडांना, एकसारखं, कुठे टिपूस जास्त नाही की कमी नाही. हा डाख कुणीही बघून म्हटलं असतं, फुंकणीचा.

“आरसा आहे, आरसा,” गवंडी म्हणाला. “ह्यात बघून दाढी कर आणि घरी जा.”

आजोबांनी, मी म्हणालो नव्हतो का, असा चेहरा केला. शिवणबाई जिना उतरून खाली गेल्या. काकांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, तसं काही झालं नाही. हे हातांनी त्यांना न विचारता केलं होतं, ते स्वतः तिथे नसताना. गवंडी घमेल्यात नवा माल कालवू लागला. काकांनी सवयीने पिशवीच्या दांडीचं फडकं सोडलं आणि भोकात हात घालून टीवरची धूळ पुसली. मग हात जरा पुढे सरकवून एल्बोवरची पुसली. एल्बो म्हणजे त्यांना डोळ्यांसमोर लख्ख दिसणारा, नक्की पुसलेला, ज्याच्याबद्दल शंका नव्हती तो.

एल्बो फडक्याखाली फिरला.

किंचितच. घड्याळाला चावी देताना फिरावी तेवढा. पण डाख दिलेला सांधा फिरत नाही. हातोडीने मारला तरी फिरत नाही. बोटांना थंड ओल लागली, आणि पाठोपाठ आतलं पाणी तुकड्याला बाहेर ढकलू लागल्याचं तळहाताला कळलं. काकांनी दुसरा हातही भोकात घातला आणि दोन्ही हातांनी एल्बो नळीवर दाबून धरला.

“मेन कॉक,” ते म्हणाले. “मेन कॉक बंद करा.”

आवाज मोठा नव्हता. पण गवंड्याने त्यांचा असा आवाज आजवर ऐकला नव्हता. घमेलं टाकून तो जिन्याच्या तोंडाशी गेला आणि तिथून ओरडला. कॉक खाली मागच्या अंगणात होता आणि तो कुठे लपलाय हे फक्त शिवणबाईंना माहीत होतं. खालून पावलं धावताना ऐकू आली, मागचं दार आपटलं. काका भिंतीला गाल टेकवून, डोळे मिटून, एल्बो धरून उकिडवे बसले होते. बाहीतून पाणी कोपरापर्यंत आलं. मग हाताखालचा जोर हळूहळू ढिला पडला, आणि थोड्या वेळाने संपला.

त्यांनी एल्बो ओढला. तो बाटलीच्या बुचासारखा हातात आला. बाहेरून स्वच्छ, चकचकीत, एक डाग नाही. आत पेस्ट जशीच्या तशी, पिवळी, मऊ, लोण्यासारखी. तिला आच कधी लागलीच नव्हती.

गवंडी वाकून बघत होता. “हा तर तू पुसलायस.”

“हो.”

“मग?”

काकांनी बोटाने आतली पेस्ट दाखवली. “ती तापलेला पुसायची,” ते म्हणाले. “मी थंडच पुसला.”

झालं होतं एवढंच. एल्बो बसवताना जास्तीची पेस्ट बाहेर आली, खाली लाकडावर ओघळणार होती. समोर फडकं होतं, त्यांनी पुसली. गोल, नीट, काकूंसारखी. आणि पुसून झाल्यावर आत कुठेतरी, इतक्या वर्षांच्या सवयीने, पुढे जायची खूण मिळाली. कुणी काही म्हटलं नव्हतं. म्हणायला कुणी नव्हतंच. तरी ते पुढे गेले होते.

काका पालथ्या बादलीवर बसले. भीती वाटत होती. खालच्या मशिनचा आवाज थांबलेला ऐकू येत होता आणि त्या थांबण्याची भीती वाटत होती, डाव्या बोटावरचा कालचा फोड आता ठसठसत होता. सगळं एकदमच आलं, आणि कशाचं आधी काय करावं हे त्यांना कळेना.

गवंडी शेजारी उकिडवा बसला. त्याने थोबाडावरून हात फिरवला, सिमेंट लागलं. “वहिनी असत्या तर दोघांनाही शिव्या घातल्या असत्या,” तो म्हणाला.

“शिव्या नाही. नुसतं बघितलं असतं.”

“ते आणखी वाईट.”

“हो,” काका म्हणाले.

आजोबांनी दारातून विचारलं, म्हणजे आज आंघोळ नाही का. गवंडी म्हणाला, आहे, आजोबा, तुम्ही टॉवेल काढून ठेवा. शिवणबाई वर आल्या, श्वास लागलेला, हाताला कॉकचा गंज. त्यांनी काकांच्या हातातला एल्बो बघितला, भिंत बघितली. त्या खाली गेल्या आणि थोड्या वेळाने दांडीवरचे कपडे काढून टेबलावर ठेवल्याचे आवाज आले.

काकांनी नळीचं टोक कापडाने कोरडं केलं, पुन्हा घासलं, पुन्हा पेस्ट लावली. ज्योत धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मनगट भिंतीला टेकवलं. तांब्याचा रंग बदलला, तार टेकली, कथील आत गेलं, कडं उमटलं. सांधा निवेपर्यंत ते तिथेच वाकून राहिले. कडेला काळी राख धरली होती.

गवंड्याने फडकं पुढे केलं.

“नको,” काका म्हणाले. “काळं दिसू दे. काळं दिसलं की आच लागलीय हे कळतं.”

पाणी सोडलं, सांधा बघितला, लाद्या परत बसल्या. गवंडी हत्यारं धुताना म्हणाला, एक चुकला तो सुधारला, चल, सुटलास. काका पिशवीत सामान भरत नव्हते. हिवाळ्यापासून त्यांनी आणखी कामं केली होती. नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात. बेकरीच्या मागच्या भिंतीत. शाळेच्या शिपायाकडे, जिन्याखाली. सगळीकडे सांधे भिंतीत गेले होते, आणि सगळे स्वच्छ पुसलेले होते.

हे त्यांनी गवंड्याला सांगितलं. गवंड्याला आधी कळलं नाही, मग कळलं तेव्हा तो खालीच बसला.

“सगळ्या घरांच्या भिंती फोडणार आहेस? लोक काय म्हणतील, फुंकणी? परत कोण बोलावेल तुला?”

“बहुतेक कोणी नाही.”

“आणि सगळे चांगले निघाले तर?”

“तर चांगलंच आहे.”

“मुलीकडे निघून जा त्यापेक्षा,” गवंडी म्हणाला. “ती बोलावतेय ना. कुणाला काही कळायचं नाही.”

काका म्हणाले, मुलीकडे जाईनही. पण हे आधी. भिंतीत काय ठेवून चाललो, हे माहीत नसताना कुठे जायचं.

गवंड्याने नखातलं सिमेंट काढलं. मग म्हणाला की फोडायला तर फोडायला, पण छिन्नी माझी, तुझ्या हातात दिली तर घर पाडशील.

नर्सबाईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. त्या नुकत्याच कामावरून आलेल्या, पायातले बूटही काढले नव्हते. दार उघडून त्यांनी दोघांना बघितलं आणि आधी पिशवीकडे नजर गेली. काही गळतंय का, त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नाही, आणि म्हणूनच आलोय. मग दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, फिरवाफिरव न करता: बायको गेल्यापासून माझं कामावर लक्ष नव्हतं, ते मला काल-परवापर्यंत माहीत नव्हतं, तुमच्या भिंतीत एखादा सांधा कोरडा राहिला असेल, नसेलही. बोलताना ‘बायको गेल्यापासून’ पाशी ते अडखळले. हे शब्द त्यांनी ह्याआधी कुणापुढे मोठ्याने उच्चारले नव्हते. इतरांनीच उच्चारले होते.

नर्सबाई लोकांना वाईट बातम्या सांगण्यात आणि ऐकण्यात मुरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, कोणती भिंत?

काकांनी ओट्याच्या वरची जागा दाखवली. बाईंनी फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवले, कपबश्या टेबलावर नेल्या, भिंतीवरचा आरसा काढला आणि ओट्यावर जुनी चादर पसरली. मग त्या भिंतीपाशी हात बांधून उभ्या राहिल्या. गवंड्याने लादीच्या कडेला छिन्नी टेकवली आणि काकांकडे बघितलं.

काकांनी तळहात भिंतीला लावला. गार होती.

“हळू मार,” ते म्हणाले. “आत काय आहे, मला माहीत नाही.”